परळचं देणं

२०२१च्या मे महिन्यात कोविडमधून नुकत्याच उठलेल्या माझ्या आत्याला म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झाला. आमच्या कडाव गावाहून कर्जत, कर्जतहून मुंबई अशी आमची धावपळ सुरू झाली. नाकामागच्या पोकळ्यांतला कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढला, पण उरलेली बुरशी मारायला हवं होतं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. पन्नास किलो वजनाला दिवसाला पाच कुप्या, आणि औषधाचा सगळीकडे तुटवडा. सिस्टर ते पिवळं औषध डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायच्या, कारण मिठाच्या सलाइनमध्ये ते बिघडतं. मग बाटली हळूहळू रिती व्हायची आणि आम्ही मूत्रपिंडांचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहायचो.

साधं ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीचं आवरण भोकं पाडून फोडतं, पण रुग्णाच्या मूत्रपिंडांनाही भोवतं. तेच औषध केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान अशा मेदाच्या कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवलं की मूत्रपिंडांचा त्रास बराच कमी होतो. हे कण परदेशातून आले तेव्हा त्यांची किंमत आपल्या माणसाला झेपणारी नव्हती. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. बिमलकुमार बछावत यांनी हे औषध भारतात घडवलं, रुग्णांवर तपासलं. देण्याआधी अल्ट्रासोनिक यंत्रात धरून त्यातले कण बारीक करायचे, अशी त्याची रीत.

आत्याला मिळालेल्या कुप्या त्याच बनावटीच्या होत्या, असा माझा दावा नाही. पण असं औषध इथे बनू शकतं आणि पालिकेच्या दवाखान्यातल्या रुग्णालाही ते मिळायला हवं, हा ध्यास त्यांनी आमच्या कितीतरी आधी घेतला होता. कर्जत लोकल पकडून परळ गाठायचं आणि केईएममध्ये नंबर लावायचा, हे आमच्या भागातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. त्याच परळचं हे आमच्यावरचं ऋण. आणि त्या चाचण्यांसाठी ज्या रुग्णांनी स्वतःचा हात पुढे केला, त्यांचंही. त्यांची नावं कुठेच छापलेली नसतात.

आत्या आज कडावला आहे. लावणीला शेतात उतरते, बाल दिगंबर गणपतीला पायी जाऊन येते. मागे एका अभ्यासासाठी डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा नमुना मागितला. तिने एवढंच विचारलं, "माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल ना? मग घ्या की."