मु. पो. डोंगरकडा

'मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. परभणी.' आमच्या घरातल्या सख्ख्या-चुलत भावंडांनी ही ओळ किती वेळा लिहिली असेल, याला गणती नाही. आधी मराठीत, मग खाली इंग्रजीत, आणि सगळ्यात शेवटी ठसठशीत 'इंडिया' लिहून त्याखाली दोन रेघा. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना लागणारं, केळीच्या बागांचं हे गाव. त्या एका ओळीच्या भरवशावर कोलोन, टोकियो, मॉस्को, ताश्कंद आणि बीजिंगहून निघालेली चित्रकार्डं आमच्या ढाळजेत येऊन पोहोचायची. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीला परदेश पहिल्यांदा हातात धरायला मिळाला तो असा.

सुरुवात झाली ती गाण्यांच्या फर्माइशीपासून. आमच्या काकांची पिढी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा आवाज ऐकत मोठी झाली. १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने खेड्यापाड्यांतल्या माणसांना पोस्टकार्ड लिहायची चटक लावली. आपल्याकडे आकाशवाणीच्या परभणी केंद्राला फर्माइशी जायच्या. एका कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं दाटीवाटीने लिहायची, आणि गाण्याआधी ती वाचली गेली की आखाड्यावरच्या सालगड्यापासून चुलीपुढच्या आजीपर्यंत सगळ्यांनी कान टवकारायचे. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टातच भरावे लागत. त्यामुळे रेडिओ आणि पोस्ट यांची सांगड आमच्या घरात आधीपासूनच होती.

थोरल्या दादाने काटा शॉर्टवेव्हकडे वळवला आणि घराला नवा नाद लागला. छतावरून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणलेली. संध्याकाळ झाली की ट्रान्झिस्टर कानाशी धरून तो १९, २५, ३१ मीटर असं चाचपत बसायचा. खरखरीतून अचानक हिंदी शब्द वर यायचे: बीबीसी लंडन, जर्मनीचा डॉइचे वेले, रेडिओ मॉस्को, रेडिओ जपान, रेडिओ ताश्कंद. या केंद्रांना आपला आवाज दूरच्या देशात कसा पोहोचतो हे कळायला हवं असे. म्हणून श्रोत्याने अहवाल लिहून पाठवायचा आणि केंद्राने तो पडताळून 'होय, तुम्ही ऐकलंत ते आमचंच प्रसारण' असं छापील चित्रकार्ड पाठवायचं, असा जगभरचा रिवाज होता. त्या कार्डाला 'क्यूएसएल कार्ड' म्हणत.

अहवाल लिहायची एक शिस्त होती. तारीख, मीटर, कार्यक्रमात काय ऐकलं त्याचा तपशील, आणि वेळ ग्रिनिचची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. हा हिशेब आम्हा धाकट्यांकडे असे, आणि वजाबाकीतली 'हातचा घेणं' ही गोष्ट आमच्या डोक्यात त्या वेळांमुळे पक्की बसली. मग आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्राची घुसखोरी, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा अशा पाच गोष्टींना एक ते पाच गुण द्यायचे. पाचही ठिकाणी पाच देऊन केंद्राला खूश करायचं नाही, खरं तेच लिहायचं, हा दादाचा दंडक होता.

खर्च परवडायचा त्यालाही कारण होतं. परदेशी टपालाचा दर आमच्या आवाक्याबाहेरचा, पण बीबीसी, डॉइचे वेले यांसारख्या केंद्रांनी भारतातल्या श्रोत्यांसाठी दिल्लीत पोस्ट बॉक्स घेतले होते. तेव्हाचं साधं पोस्टकार्ड १५ पैशांचं. १५ पैशांत पत्र दिल्लीला जाई, आणि काही आठवड्यांनी उत्तरादाखल ऱ्हाइन नदीकाठचं कोलोनचं दोन उंच मनोऱ्यांचं चर्च आमच्या हातात पडे.

कार्डाला पाकीट नसतं. ते येतं तेच उघडं. पोस्टात वाचलं जाई, वाटेत दोघा-तिघांनी पाहिलेलं असे आणि घरी येईपर्यंत अर्ध्या आळीला ठाऊक झालेलं असे, की आज यांच्याकडे जपानचा डोंगर आलाय. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. कार्ड ज्याच्या नावाने आलं त्याने ते आधी आजोबांच्या हातात द्यायचं, मग ते बैठकीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात फिरायचं. आजी चित्र पाहायची. आई विचारायची, "इथं पाऊस कधी पडतो म्हणे?" शेवटी ते भिंतीतल्या कोनाड्यात, आणि जुनं झालं की लोखंडी ट्रंकेत. या ट्रंकेवर कुणा एकाचं नाव कधी पडलं नाही. संग्रह घराचा होता.

त्यातलं एक कार्ड आजही डोळ्यांसमोर आहे. रेडिओ ताश्कंदचं. पुढे कारंजं आणि रुंद रस्ता, मागे उर्दूत लिहिलेल्या चार ओळी. दादाला त्या वाचता येईनात. आजोबांनी चष्मा चढवला आणि उजवीकडून डावीकडे बोट सरकवत सहज वाचून दाखवल्या. निजामाच्या राजवटीत त्यांची शाळा उर्दूतली. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपल्यावर ही विद्या घरात कुणाच्या कामाची उरली नव्हती. त्या दिवशी ती कामाला आली, आणि पुढे उर्दूत येणाऱ्या प्रत्येक कार्डाचे मानकरी आजोबाच ठरले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "शास्त्रीजी गेले ते हेच गाव." ११ जानेवारी १९६६ ला लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले, ही गोष्ट आम्ही पुस्तकात पाठ केली होती. कार्ड हातात असताना ती खरी वाटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपाने ते शहर कोसळलं आणि नव्याने उभं राहिलं, हे दादाने सांगितलं. चित्रातला रुंद रस्ता त्या नव्या शहराचा होता.

पुढे मासिकांतल्या पत्त्यांवरून पत्रमैत्री जुळली, आणि खरी कसोटी तिथे लागली. रेडिओ केंद्राला अहवाल दिला की भागायचं. माणसाला काय लिहायचं? कार्डाच्या पाठीवर जागा सात-आठ ओळींची. तेवढ्यात आपलं गाव सांगायचं, तेही ज्याने कधी हिंगोलीचं नाव ऐकलं नाही अशाला. आपल्या गावात सांगण्यासारखं काही आहे, हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

जर्मनीतल्या एका शिक्षिकेने ताईला विचारलं होतं, केळीचं झाड किती वर्षं फळ देतं? प्रश्न वाचून ताईही गप्प आणि आम्हीही गप्प. जन्म केळीच्या गावात, घरात केळीची बाग, आणि उत्तर कुणालाच नीट देता येईना. बाबांनी आम्हाला सगळ्यांना बागेत नेलं. घड उतरवलेलं एक खोड विळ्याने आडवं कापलं. आतून पाणी टपकत होतं आणि कापलेल्या जागेवर पापुद्र्यांची वर्तुळं एकात एक दिसत होती. "हे झाडच नव्हं, पानांच्या गुंडाळ्या आहेत," ते म्हणाले. एका खोडाला घड एकदाच येतो; मग ते कापायचं, आणि बुडाशी फुटलेल्या मुनव्यांतला एक जोमदार राखून बाकीचे काढून टाकायचे. त्यातून पुढची पिलबाग. ताईने ते सगळं आठ ओळींत बसवलं. जर्मनीतल्या त्या बाईंना उत्तर मिळालं, पण शिकलो आम्ही. त्यानंतर पत्रांचे सगळे अवघड प्रश्न बाबांकडे जाऊ लागले. शाळा फारशी न शिकलेला आमचा बाप परदेशी टपालातला घरातला सर्वांत मोठा जाणकार झाला.

असंच एकेक उलगडत गेलं. हळद आधी कढईत उकडून, मग उन्हात वाळवून, मग घासून पिवळी कशी होते. इसापूर धरणाच्या पाण्याने शिवारात काय बदललं. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद का लावतात. औंढा नागनाथचं देऊळ आणि संत नामदेवांचं नरसी जवळच आहे, आणि त्याच नामदेवांची पदं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात वाचल्या जाणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आम्ही नीट समजून घेतलं ते लिहायचं होतं म्हणून. बदल्यात पाठवायला चित्रकार्डं मिळायची ती अजिंठा-वेरूळची. डोंगरकड्याचं छापील चित्रकार्ड कुठून असणार? मग ताई साध्या कार्डावर केळीचा घड काढायची, हळदीच्या पाण्याने रंगवायची आणि जादा तिकिटं डकवून पाठवून द्यायची. जगाच्या पाठीवर कुणाच्या तरी घरी डोंगरकड्याची ती चित्रं गेली, याचा आम्हाला आजही अभिमान आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट मराठवाड्यातलं कुठलंही घर विसरलेलं नाही. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आमच्यापासून लांब, पण मांडणीवरची भांडी आमच्याकडेही वाजली होती. बातमी जगभर गेली. काही आठवड्यांनी जर्मनीतल्या त्या शिक्षिकेचं कार्ड आलं. नेहमी काठोकाठ भरलेलं असायचं, या वेळी एकच प्रश्न होता: तुम्ही सगळे सुखरूप आहात ना? त्यांना लातूर आणि डोंगरकडा यांतलं अंतर ठाऊक नव्हतं. 'महाराष्ट्र' एवढा शब्द बातमीत ऐकून त्यांनी टपालपेटी गाठली होती. आजीने ते कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि ताईला म्हणाली, "आजच्या आज उत्तर टाक. वाट पाहत असतील बिचाऱ्या."

आमच्या पत्त्याने केवढी उलथापालथ पाहिली, हेही ट्रंक आवरताना ध्यानात येतं. आजोबांच्या कागदांत गाव हैदराबाद राज्यात आहे. १९५६ ला ते मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतला सहा आकडी पिनकोड आला आणि आमच्या पत्त्याला ४३१ ने सुरू होणारा आकडा चिकटला. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हा आम्ही सगळ्या पत्रमित्रांना कार्डं टाकून कळवलं की गाव तेच आहे, जिल्हा बदलला. जपानहून एकाने नव्या जिल्ह्याबद्दल अभिनंदनाचं कार्ड पाठवलं होतं.

पुढे फोन आले, भावंडं नोकरी-शेतीत पांगली, केंद्रं एकामागून एक मिटली. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारणही थांबलं. मात्र हा नाद जगातून गेलेला नाही. २००५ साली पोर्तुगालच्या पाउलो मगाल्याइश या तरुणाने 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केलं. त्यात एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला कार्ड पाठवायचं. ते पोहोचल्याची नोंद झाली की दुसऱ्याच कुणा अनोळखी माणसाचं कार्ड आपल्याकडे निघतं. जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ ला निघालं, म्हणून १ ऑक्टोबर हा दिवस आता जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे कार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला.

त्या कार्डांनी आम्हाला जग दाखवलं हे खरंच, पण त्याहून मोठं काम त्यांनी केलं ते आमचं गाव आम्हाला दाखवण्याचं. दुसऱ्याला सांगायची वेळ आल्याशिवाय माणूस आपलं अंगण निरखून पाहत नाही. आज आमच्या मुलांना एका बोटावर सगळं जग दिसतं, पण केळीचं खोड आतून कसं असतं हे विचारणारं त्यांना कुणी नाही. म्हणून कळमनुरी, वसमत, अर्धापूर, नांदेडकडच्या आमच्या वयाच्या सगळ्या आई-बापांना आणि शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे: येत्या १ ऑक्टोबरला मुलांच्या हातात एकेक कोरं कार्ड द्या, दूरच्या कुणाचा तरी पत्ता द्या आणि आठ ओळींत आपलं गाव लिहायला सांगा. अडलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा. आणि खाली आपला पत्ता पूर्ण लिहायला शिकवा, पिनकोडसकट, म्हणजे उत्तर घरी येईल.