परतीचा बोर्डिंग पास

'परतीच्या प्रवासाचा मूळ बोर्डिंग पास जोडलेला नसल्याने प्रवास पूर्ण झाल्याचे सिद्ध होत नाही. सबब देयक त्रुटीसह परत करण्यात येत आहे.'

हे पत्र माझ्या हातात देणाऱ्या कारकुनाच्या टेबलासमोर मी उभी होते. पुण्यात, सदेह. मी परतच आले नसते तर हे पत्र घ्यायला कोण आलं असतं, असं मी त्याला विचारलंही. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलात हे मला दिसतंय. फाइलला दिसत नाही."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी नोकरीला लागले, पगार वेळेवर होतो. तरी अजून विमानात बसताना मी बोर्डिंग पास कागदावरच घेते आणि उतरल्यावर पाकिटात पासपोर्टाच्या आत ठेवते. सोबतचे लोक हसतात.

झालं होतं ते थोडक्यात असं. २०१९ साल, पीएचडीचं चौथं वर्ष. विषय कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांमधल्या वनस्पती. जांभ्या दगडाच्या खळग्यात वीतभर पाणी, त्यात गेंद, सीतेची आसवं, आणखी कितीतरी. ऑक्टोबर संपता संपता सगळं वाळून दगड उघडा. युरोपातल्या एका परिषदेत माझं पोस्टर स्वीकारलं गेलं आणि प्रवास-अनुदानही मंजूर झालं. लॅबमध्ये पेढे वाटले. मंजूर होणं आणि मिळणं यांच्यात किती अंतर असतं, हे पेढे वाटताना ठाऊक नव्हतं. आधी सगळा खर्च आपण करायचा, परिषद आटोपून आल्यावर मूळ पावत्या जोडायच्या, मग ते पैसे परत देणार. याला सरकारी मराठीत 'प्रतिपूर्ती' म्हणतात.

तिकीट ५२ हजार. नोंदणी शुल्क, विद्यार्थ्यांसाठीची सवलत धरून, २४ हजार. व्हिसा, विमा, पाच रात्रींचं वसतिगृह आणि खाणं वेगळंच. त्या वर्षी सीनियर फेलोशिप नुकतीच ३५ हजारांवर गेली होती, ज्युनियर ३१ हजारांवर. त्यासाठीही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. शिवाय आमची फेलोशिप दरमहा येत नसे. तीन-चार महिन्यांची एकदम आली तर आली. तोवर मेसवाल्याची उधारी. घरी, कराडला, नुकतंच बहिणीचं लग्न झालेलं. तिथे मागायची सोय नव्हती.

मी तेव्हा सदाशिव पेठेत नागनाथ पाराजवळ एका काकूंकडे राहायचे. जुना वाडा पाडून बांधलेली इमारत, दुसऱ्या मजल्यावर मागची खोली. काकू एकट्या, वय सत्तरीच्या पुढे. पेठेतल्या माणसांचे जे विनोद सांगतात ते मी इथे सांगणार नाही, कारण काकूंना विनोद कळत असे आणि त्या तो दुसऱ्यावर करत. जिन्यात बसून मी लॅपटॉपवर हिशेब जुळवत होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"किती वेळ बोलायचंय तिकडे?"

"बोलायचं नाहीये काकू. पोस्टर आहे. दीड तास पोस्टरजवळ उभं राहायचं, लोक येतात, विचारतात."

"उभं राहायला लाख रुपये?" त्या म्हणाल्या. "आमचे हे मंडळात निबंध वाचायचे तेव्हा पायात चपला घालून जायचे आणि चहाला घरी परत."

मंडळ म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळ, भरत नाट्य मंदिराजवळचं. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी काढलेलं. काकूंचे यजमान बँकेत नोकरीला होते, पण मोडी उत्तम वाचत आणि मंडळाच्या पाक्षिक सभेत जाऊन काय सापडलं ते सांगत. पदवी वगैरे काही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ९० हजारांचा चेक दिला. मुदत ठेव मोडून. सोबत एक वहीचं पान. त्यावर रक्कम, तारीख, 'सात टक्के दराने', आणि खाली माझ्या सहीसाठी जागा. मला ते पान लागलं. एवढं घरच्यासारखं वागवायचं आणि व्याज लावायचं? मी सही केली, पण दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. सही करताना त्यांनी विचारलं होतं, "परत कधी देशील?" मी म्हटलं, "परिषदेनंतर दोन महिन्यांत, काकू. नियमच आहे."

परिषदेबद्दल फार लिहीत नाही. शहर देखणं होतं. जाताना पोस्टरची नळी केबिनमध्ये न्यायला हवाईसुंदरीने अडवलं, मग सोडलं. सभागृहात चारशे पोस्टरं, माझं शेवटून दुसऱ्या रांगेत, जेवणाच्या वेळेला. दीड तासात सात माणसं आली. त्यातल्या तिघांना स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं. ज्या एका माणसाशी खरं बोलणं झालं, ज्याने माझ्या एका आलेखावर बोट ठेवून "हे चुकलंय" म्हटलं आणि पुढे दोन वर्षं मला मदत केली, तो बंगळुरूचा निघाला. पुण्याहून रात्री रेल्वेत बसलं की दुसऱ्या दिवशी बंगळुरू. मी त्याला भेटायला साडेसहा हजार किलोमीटर गेले होते.

येताना आखाती देशात विमान बदलायचं होतं. तिथल्या काउंटरवर पुढचा पास मोबाइलवर पाठवला. कागदी मागायचं सुचलं नाही. मुंबईला उतरून टॅक्सीने पुणे, दुसऱ्या दिवशी लॅब, आठवडाभरात देयक सादर. डिसेंबरमध्ये वर लिहिलेलं पत्र.

मग सुरू झालं. मोबाइलवरच्या पासाचं चित्र छापून दिलं. ते 'मूळ' नाही. पासपोर्टवर मुंबईच्या इमिग्रेशनचा शिक्का होता, तारखेसह, भारत सरकारचा. त्याची झेरॉक्स दिली. मार्गदर्शकांची साक्षांकित सही हवी. सही आणली, शिक्का देशात आल्याचा आहे, 'त्याच विमानाने' आल्याचा नाही. मग शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. मी, अमुक अमुक, वय इतकं, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी परत आले आहे. नोटरीने ते वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कुठून?" म्हणाला. प्रतिज्ञापत्र दिल्यावर कळलं की त्याऐवजी विमान कंपनीचं प्रमाणपत्र चालतं. कंपनीला सहा मेल केले. फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तर आलं, ते जोडलं. मार्चमध्ये मला सांगितलं गेलं की आर्थिक वर्ष संपत आलंय, या शीर्षाखालची रक्कम आता परत जाईल आणि एप्रिलनंतर नव्याने मंजुरी घ्यावी लागेल. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली.

या काळात मी कोणावर चिडले होते? कारकुनावर नाही. त्याच्यापुढे लेखापरीक्षणाची भीती होती, आणि कोणीतरी खोटी तिकिटं लावून पैसे उचलल्याशिवाय असे नियम जन्माला येत नाहीत. मी चिडले होते ते एका साध्या हिशेबावर. देशाचं विज्ञान पुढे न्यायला म्हणून पाठवलेली ३५ हजारांची विद्यार्थिनी सोळा महिने सरकारला बिनव्याजी कर्ज देते, आणि त्याला अनुदान म्हणतात. ज्याच्या घरी लाखभर रुपये पडून आहेत त्याला यात काही जाणवतच नाही. तो जातो, येतो, पावत्या लावतो, विसरून जातो. मग त्याच्या बायोडेटात चार परिषदा दिसतात, दुसऱ्याच्या एकही नाही, आणि निवड समितीत म्हणतात, याला 'एक्स्पोजर' आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे जमा झाले. राहण्याचा खर्च योजनेत नव्हताच, टॅक्सीही बसली नाही. काकूंना ९० हजार द्यायला गेले तेव्हा त्यांनी वहीचं पान काढलं. जुलै ते पुढल्या वर्षीचा नोव्हेंबर, सोळा महिने, ८,४०० रुपये. सोळा महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्याकडून व्याज मात्र मोजून घेतलं आणि त्या पानावर 'पोहोचले' असं लिहून पान मला दिलं. तेव्हा राग आला होता. पण या सगळ्या प्रकरणात 'परत कधी' असा प्रश्न विचारणारं आणि उशिराची किंमत असते हे मानणारं ते एकच कार्यालय होतं.

काकूंचं ते चपला घालून जाणं मी पुढे बऱ्याच भाषणांत वापरलं. परिषदा जवळ घ्या, छोट्या घ्या, पुण्यात कशाची कमी आहे? १९१९ च्या नोव्हेंबरात भांडारकर संस्थेत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, अध्यक्ष स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १९९७ मध्ये आयुकात सापेक्षतावादाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, २००० साली माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस. जग इथे आलेलं आहे. कार्बनचा आकडाही मी सांगायचे. २०१९ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला भूभौतिकीची जी प्रचंड परिषद भरली, तिथे सुमारे २८ हजार लोक आले आणि त्यांच्या प्रवासातून ८० हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, असा हिशेब पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये आला. माणशी जवळपास तीन टन. सरासरी भारतीय माणूस वर्षभरात सोडतो त्याच्या साधारण दीडपट, एका आठवड्यासाठी. आणि त्यातले बरेच जण हवामानबदलावर बोलायला आलेले. टाळ्या पडायच्या.

पण खरं सांगायचं तर त्यात दोन गोष्टी मी झाकून ठेवायचे. चपला घालून जाता येतं ते चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्याला. कराडच्या माझ्या आजोबांना मोडी येत होती. ते कुठल्या सभेत गेले? दुसरी गोष्ट, टाळेबंदीत सगळं ऑनलाइन झालं तेव्हा मी काकूंच्या मागच्या खोलीतून तीन परिषदांना हजेरी लावली, काही तर मध्यरात्री दीड वाजता, पंखा बंद करून, आवाज जातो म्हणून. खर्च जवळपास शून्य, कार्बन शून्य, प्रतिज्ञापत्र शून्य. आणि मला त्यातलं आज काही आठवत नाही. ते "हे चुकलंय" म्हणणारं बोट स्क्रीनवर येत नाही. व्हिसाचा अर्ज आला की मी अजूनही पहिल्या दिवशी भरते.

गेल्या काही वर्षांत मीच परिषदा घ्यायला लागले. पहिली आमच्या कॉलेजात, दीडशे माणसांची. मी ठरवलं होतं की शाल-श्रीफळ नाही, स्मृतिचिन्हं नाहीत, रेक्झिनच्या बॅगा नाहीत. ते पैसे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाला. तान्ही मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी एक खोली. लिफ्ट बंद आहे म्हणून सगळी सत्रं तळमजल्यावर. लिफ्टचं आणि खोलीचं जमलं. शालींचं नाही, प्रमुख पाहुण्यांना हात हलवत कसं पाठवणार, असं व्यवस्थापनाने विचारलं. पाहुणे सव्वा तास उशिरा आले, पन्नास मिनिटं बोलले, आणि विद्यार्थ्यांची दहा-दहा मिनिटांची सादरीकरणं चार-चार मिनिटांवर आली. टेबलावरची घंटा माझ्याच हातात होती. मी ती वाजवली.

गडचिरोलीकडच्या एका कॉलेजातल्या मुलाने निबंध पाठवला होता, तिथल्या तलावांच्या काठच्या वनस्पतींवर. निवडलेल्या निबंधांत माझ्या मते सर्वांत चांगला. त्याला निमंत्रण गेलं, माझ्या सहीने. नोंदणीच्या टेबलावर त्याचं नावाचं कार्ड दोन दिवस पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

"मॅडम, इथून एसटीने नागपूर, मग रेल्वे. तिकिटाचे पैसे मित्रांकडून जमले असते," तो म्हणाला. "पण पत्रात होतं, मूळ तिकिटं सादर केल्यावर प्रतिपूर्ती. कधी ते नव्हतं. मित्रांना काय सांगायचं?"

मी म्हटलं, अकाउंट्सला विचारून कळवते.