मान्सून अंदमानात दाखल

समुद्र खवळला म्हणून बोट सुटली नाही. बोट सुटली नाही म्हणून आम्ही बेटावर पोचलो नाही. आणि आम्ही पोचलो नाही म्हणून हॉटेलवाल्यानं त्या रात्रीचं सगळं भाडं ठेवून घेतलं. ७,८०० रुपये. कारण काय, तर पाहुणे आले नाहीत! पाहुणे सकाळी सहापासून सामानासकट धक्क्यावर उभे होते, हे कोण लिहिणार?

आम्ही कमलनगर तालुक्यातले. जिल्हा बीदर, पण बाजारहाट, दवाखाना, सोयरीक सगळं उदगीरला. मी मराठी शाळेत शिकवत होते, हे शेती बघतात. मूग, उडीद, सोयाबीन, थोडी तूर. लग्न मे १९९५ मधलं, म्हणजे २०२५ ला तीस वर्षं झाली. मुलगा हैदराबादला कंपनीत आहे. त्यानं एका एजंटाकडून सगळं ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. शमशाबादहून विमानानं अडीच तासांत पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात. पुढं बोटीनं हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, दोन रात्री. मे महिन्यात निम्म्या दरात पडतं म्हणे. का पडतं, ते त्या पोराला काय ठाऊक.

यांना ठाऊक होतं. आमच्या घरात अंदमान म्हटलं की आधी पाऊस, मग सावरकर. सासरे दर मे महिन्यात परभणी आकाशवाणीच्या बातम्यांना कान लावून बसायचे. "मान्सून अंदमानात दाखल" हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या दिवशी बियाण्याची चौकशी, सोसायटीत चक्कर, तिफणीची दुरुस्ती. तिथून केरळ, मग मृगाच्या आगेमागे आपल्याकडं. हा हिशेब यांना पाठ. तरी मुलापुढं हे एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, पोराचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प आहेत.

२०२५ मध्ये मान्सून नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच आला. १३ मे रोजी हवामान खात्यानं जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात आम्ही तिथं!

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. १८९६ ला बांधायला घेतलं, १९०६ ला पूर्ण झालं. सात फाट्यांपैकी तीनच उरलेत. सावरकरांच्या कोठडीपुढं पुण्याकडच्या लोकांची ही गर्दी. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि कुठले म्हणून विचारलं. कर्नाटक म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, "छान मराठी शिकलात हो!" घ्या. पण ते सोडा. हे बराच वेळ कोलूपाशी थांबले, जिथं कैद्यांना जुंपून खोबऱ्याचं तेल काढून घेत. आमच्याकडं करडईचा घाणा होता, त्याला बैल असायचा, आणि त्या बैलालाही दुपारी सोडायचे, एवढंच म्हणाले. मला आठवला तो मौलवी अल्लाउद्दीन. १८५७ च्या जुलैत हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्यांचा पुढारी. आम्ही निजामाच्या मुलखातले, म्हणून तो आमचाही. त्याला इथंच आणून टाकलं आणि तो इथंच वारला, पण हे जेल बांधून व्हायच्या कितीतरी आधी. तेव्हा सगळं बेटच तुरुंग होतं. पुण्याच्या बाईंना सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं.

खोलीवर आलो तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस आणि केकवर 'हॅपी हनिमून'. यांनी पाकळ्या हातानं गोळा करून कागदात बांधल्या आणि केक त्या रूमबॉयला देऊन टाकला. साडेपाचच्या सुमाराला बाहेर दिवस मावळलेला! घड्याळ आपलंच, पण सूर्य तासभर पुढं. आमच्याकडं त्या वेळी रानातून माणसं परतलेलीसुद्धा नसतात.

दुसऱ्या दिवशीची ती बोट. धक्क्यावर पोचलो तेव्हा आभाळ काळं होतं, पण पाऊस नव्हता. सात वाजता सांगितलं उशीर आहे. आठ वाजता सांगितलं थांबा. नऊ वाजता सांगितलं, बंदराचा हुकूम आहे, आज एकही बोट सुटणार नाही, सरकारीही नाही. बरोबर केलं त्यांनी, माझी त्याबद्दल तक्रार नाही. बोटीच्या कंपनीनं तिकिटाचे पैसे चार दिवसांत परतही केले. म्हणजे समुद्रावर चालणाऱ्या माणसाला समुद्र कळतो.

मग मी एजंटाला फोन लावला. त्यानं हॉटेलला विचारा म्हणून सांगितलं. हॉटेल म्हणालं, तुमचं बुकिंग एजंटाकडून आहे, त्यांच्याशी बोला. पुन्हा एजंट. तो म्हणाला, मॅडम, हॉटेलचा नियम आहे, चोवीस तास आधी कळवायला पाहिजे होतं. मी विचारलं, वादळानं मला चोवीस तास आधी कळवलं होतं का? तर म्हणाला, निसर्गाला कोण काय करणार. म्हटलं, बरोबर, निसर्गाला तुम्हीही काही करू शकत नाही आणि मीही नाही, मग पैसे एकट्या माझे का गेले? अर्धे तुम्ही सोसा, अर्धे मी सोसते. त्यावर फोन कट. नंतर उचललाच नाही. मुलानं मेल पाठवले, त्याला उत्तर आलं की पॅकेजच्या अटी वाचाव्यात. अटी वाचल्या. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हवामानामुळं होणाऱ्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. वर पोर्ट ब्लेअरात एक रात्र जास्त काढावी लागली, त्याचे ३,५०० वेगळे.

ही भाषा मी ओळखते. पीकविम्याच्या कागदावर हीच असते. पाणी शिरलं तर ७२ तासांत कळवा. कळवायला जावं तर रस्त्यावर पाणी, टॉवरला लाईट नाही. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेंगा कुजून गेलेल्या. तो म्हणणार, पीक दिसत नाही. पाऊस वरून पडतो तेव्हा सगळ्यांवर सारखा पडतो, त्याचा तोटा मात्र घरंगळत खाली येतो आणि ज्याच्याकडं कागद लिहायची ताकद नाही त्याच्या दारात थांबतो. अंदमानातही तेच, कमलनगरातही तेच. मी धक्क्यावर उभं राहून हे सगळं यांना सांगत होते आणि हे ऐकत नव्हते.

कारण तोवर पाऊस सुरू झाला होता. सगळी माणसं शेडमध्ये आत सरकली, हे बाहेर गेले आणि उभेच राहिले. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली. आमच्या टॅक्सीवाल्याचे आजोबा श्रीकाकुळमहून आलेले. झहीराबादच्या बाजारात शिकलेल्या तेलुगूत यांची त्याच्याशी गट्टी जमली होती. त्यानं मला विचारलं, साहेबांना बरं नाही का? काय सांगू? हा माणूस साठीला आला, जन्मभर ज्या पावसाच्या बातम्या ऐकल्या तो आज पहिल्या मुक्कामावर भेटला. एवढ्यात गावाकडून दिराचा फोन. "वैनी, खरंच पडलालाय का?" मी म्हटलं, पडतोय. "मोठा हाय का?" मोठा आहे. मग शेजारच्यांचा, मग सोसायटीच्या चेअरमनचा. कुणीही विचारलं नाही की तुम्ही कसे आहात, बेट कसं आहे. हवामान खात्यापेक्षा आमच्यावर जास्त भरवसा! हे फोनवर इतकं आनंदानं बोलत होते की माझा राग दुप्पट झाला.

"आपल्या मागं मागं येतो बघ आता," हे म्हणाले. मी वर्गात शिकवलेलं सांगितलं: आपल्याकडं येते ती अरबी समुद्राची शाखा, केरळावरून. हा इकडचा पाऊस ब्रह्मदेश, बंगालकडं जातो. हे हसले नुसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. हॅवलॉकला एक रात्र मिळाली. राधानगर किनाऱ्याला 'टाइम'नं २००४ मध्ये आशियातला सर्वांत सुंदर किनारा ठरवलं होतं. आम्ही पाहिला तो राखाडी आभाळाखाली, पाण्याला ना निळा रंग ना हिरवा. जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना मागं हटवत होता. तरी मी गुडघाभर पाण्यात गेले. हे घाबरले. बीदरच्या झरणी नरसिंहाच्या भुयारात छातीभर पाण्यातून लेकराला खांद्यावर घेऊन मी दर्शनाला गेलेली बाई, मला काय भीती. पण पायाखालची वाळू सरकली तेव्हा मीही यांचा दंड धरला, हे खरं. तेवढा एक तास सोन्यासारखा गेला. धक्क्यावर एवढा राग आला होता तो तिथं आठवलासुद्धा नाही. हॉटेलच्या दारात आल्यावर पुन्हा आठवला.

आता पुढचं ऐका. २४ मे रोजी मान्सून केरळात, २६ ला मुंबईत. इतक्या लवकर सहसा येत नाही. गावात यांचा भाव वधारला. पेरणी लवकर उरकली, मूग टंच आला. आणि काढणीच्या तोंडावर, ऑगस्टच्या अखेरीस, जो कोसळला तो थांबेना. औराद, कमलनगर, भालकी पाण्याखाली. सप्टेंबरात कलबुर्गीकडं भीमेला पूर येऊन तुरीची रानंच्या रानं बसली. आमचा मूग शेतातच उगवला. आणि तो पाऊस कुठला? बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. मागं मागं येतो, हे म्हणाले होते तसं. वर्गात मी शिकवलेलं जूनपुरतं बरोबर होतं.

अंदमानला जरूर जा. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि बोट रद्द झाली तर त्या रात्रीचं भाडं कुणी सोसायचं हे आधी एजंटाकडून लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर दुसरा एजंट बघा. हॉटेलांनाही एक विनंती आहे: बोट सुटली नाही याचा दाखला बंदरात मिळतो, तो बघून पाहुण्याला दुसरी तारीख तरी द्या.

हे म्हणतात, पुन्हा जायचं तर मे महिन्यातच. मी जाणार नाही.