टाकी भरली

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी दिवसाआड वाहायची. मोटर लावून कोणीतरी विसरायचं, जिन्यावरून पाणी खाली यायचं आणि मग आरडाओरडा. मी बारावीची परीक्षा देऊन घरी रिकामा होतो. टाकी भरली की बझर वाजवणारं सर्किट एका जुन्या पुस्तकात सापडलं. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पाण्यात सोडायच्या दोन तारा. एवढ्यात बिघडण्यासारखं काय असणार, असं म्हणत सायकल काढली आणि पुण्यातली तपकीर गल्ली गाठली.

पुस्तकात ट्रान्झिस्टर होता २एन२२२२, प्लॅस्टिकचा. दुकानदार म्हणाले, "तो संपलाय. बीसी ५४७ घेऊन जा, तेच काम करतो." काम तेच करतो, हे खरं. फक्त त्याचे पाय उलट्या क्रमाने असतात. ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, असा धरला तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. माझ्या चित्रातल्याचे एमिटर, बेस, कलेक्टर.

ब्रेडबोर्डवर जोडणी केली आणि तारा पाण्याच्या ग्लासात सोडल्या. बझर डास गुणगुणावा तसा क्षीण वाजला. अजिबात वाजला नसता तर बरं झालं असतं; थोडा वाजल्यामुळे जोडणी बरोबर आहे असं मी धरून चाललो. बॅटरी बदलली, बझर बदलला, पाण्यात मीठ घातलं. दोन दिवस गेले. शेवटी मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टर खोचायची गोल जागा असते तिकडे लक्ष गेलं. माझ्या समजुतीप्रमाणे खोचला तर आकडा आला ८. उलटा फिरवून खोचला तर २९०. उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, रडतखडत चालतो, हे त्या दोन आकड्यांनी शिकवलं. तेव्हापासून कुठलाही ट्रान्झिस्टर आधी मीटरवर, मग बोर्डवर.

एलईडीचा धडा त्यामानाने स्वस्तात पडला. एक लाल एलईडी हौसेने थेट बॅटरीला लावला. तो लख्ख पेटला, नारिंगी झाला आणि विझला तो कायमचा. मग हिशोब केला. नवातून एलईडीचे दोन व्होल्ट गेले, उरले सात. पंधरा मिलिअँपिअर हवेत तर साधारण ४७० ओहम. दुकानात असे रेझिस्टर सुटे मागू नका, दहा-दहाच घ्या. एखादा पलंगाखाली घरंगळतोच.

सोल्डरिंगचं मात्र माझं मूळच चुकत होतं. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून मी तो थेंब पायावर टेकवायचो. थेंब गोल, करडा, दिसायला भरीव. बोटाने ढकलला की पाय आत हलायचा. ड्राय सोल्डर. शेजारच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी आयर्न माझ्या हातातून घेतलं. बोर्डवरचं तांबं आणि पाय दोन्हीला एकदम टोक लावलं, मनात दोन-तीन आकडे मोजले आणि सोल्डरची तार टोकाला न लावता सांध्याला लावली. ती पाण्यासारखी पसरली, तंबूच्या आकाराचा चकचकीत सांधा झाला. "आधी भांडं तापव, मग तूप घाल," म्हणाले.

टाकीवर बसवलं त्या रात्री दहाला बझर वाजला. बाबांनी मोटर बंद केली. बझर चालूच! टाकी भरलेली, तारा पाण्यात, तो थांबेल कसा? पाणी उपसलं जाईपर्यंत वाजणारच. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्यावर मी बॅटरी उपटली. दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या वाटेत एक साधा स्विच घातला.

बाबांना आता मोटर आपोआप बंद व्हायला हवी होती. त्यासाठी रिले लावून २३० व्होल्टला हात घालावा लागला असता. मी नाही म्हटलं. नऊ व्होल्टवर चूक झाली तर पाच-दहा रुपयांचा भाग जातो.

तीन-चार महिन्यांनी टाकी पुन्हा वाहिली, बझर गप्प. तारा वर ओढून पाहिल्या. बॅटरीच्या धन बाजूची तार, जी तळाशी असायची, तिचं तांबं हिरवं पडून टोकाशी झिजून गेलं होतं. दुसरी जवळपास जशीच्या तशी. पाण्यातून एकाच दिशेने वीज गेली की धन टोकाचं तांबं विरघळत जातं. दोन्हीकडे स्टीलचे स्क्रू लावले. ते टिकले.

स्विचशेजारी बाबांनी स्केचपेनने लिहून ठेवलं, "मोटर लावताना चालू करणे." तरी महिन्यातून एकदा आजी वर तोंड करून ओरडायच्याच.