सोलिनाची जवारी

डिस्को म्हटलं की लोकांना चारी मात्रांवर पडणारा बास ड्रम आणि छतावर फिरणारा काचेचा गोळा आठवतो. मला व्हायोलिन आठवतात. बॅरी व्हाइटच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचं १९७३ सालचं ‘लव्ह्ज थीम’ ऐकून बघा. त्यात गायक नाहीच, सगळी धून व्हायोलिनच्या ताफ्याने खांद्यावर घेतली आहे. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत गॅम्बल आणि हफ या जोडीने तेच केलं. खाली ड्रम, बास आणि गिटार, आणि वर डॉन रेनाल्डोच्या माणसांची व्हायोलिन. नाचणाऱ्याचे पाय ड्रम हलवतो हे खरं, पण छाती भरून येते ती वरच्या तारांनी.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. सांगली, मिरज, कोल्हापूर, कधी बेळगाव. गेल्या वर्षी एका आयोजकाने सत्तर-ऐंशीच्या डिस्को गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. आमच्या ताफ्यात एक व्हायोलिनवाले अंकल आहेत. मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेत वाजवलेले, आता मुलाकडे सांगलीला राहतात. आयोजक मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुझ्या मशीनमध्ये पन्नास व्हायोलिन आहेत ना? मग म्हाताऱ्याला कशाला नेतोस?”

उत्तर मी लगेच दिलं नाही. आधी आवाज बनवायला बसलो.

सत्तरच्या दशकात हा प्रश्न युरोपातही कुणाला तरी पडलाच असणार, कारण वादकांचा ताफा महाग असतो. हॉलंडच्या एमिनेंट या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने १९७४ च्या सुमारास सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल काढलं, अमेरिकेत ते आर्पच्या नावाने विकलं गेलं. एकोणपन्नास पट्ट्या आणि वर व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशी बटणं. आतली युक्ती साधी होती. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा स्वर तयार करायचे आणि प्रत्येकाची कंपनसंख्या निम्मी निम्मी करत खालची सप्तकं मिळवायची. त्यामुळे हव्या तितक्या पट्ट्या एकदम दाबता येत. पण असा आवाज ताठ असतो, सगळे ‘सा’ एकाच साच्यातून पडलेले. म्हणून तो आवाज तीन वाटांनी पाठवून प्रत्येक वाटेवर किंचित उशीर करायचा, आणि तो उशीरही सतत कमीजास्त करत राहायचा. एक हेलकावा संथ, सेकंदाला एकाहूनही कमी. दुसरा भरभर, सेकंदाला सहाच्या आसपास. तिन्ही वाटांचे हेलकावे एकमेकांच्या मागेपुढे. त्या मागेपुढे होण्यातून एक आवाज अनेकांचा वाटायला लागतो.

माझ्याकडे सोलिना नाही, तिची किंमत ऐकूनच मी गप्प होतो. संगणकावर तिची नक्कल केली. करवतीसारखी लहर, तिच्या दोन-तीन प्रती एकमेकींपासून केसभर बेसूर, खालचा गडगडाट कापून टाकलेला, आणि शेवटी तो हेलकाव्यांचा खेळ. आमचे एक चाचा मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोऱ्याच्या घोड्या घासतात. त्यांना आधी हेलकावा बंद करून ऐकवलं. त्यांनी हातातली कानस खालीही ठेवली नाही. “इसकी जवारी बंद है.” मग हेलकावा चालू केला. “अब खुली.” सर्किटबद्दल त्यांना ओ की ठो माहीत नाही. पण तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी हुबेहूब झाल्या तर तंबोरा मरतो, हे त्यांना ठाऊक आहे. मला पुस्तकातून जे कळायला महिना लागला ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

एवढं करूनही डिस्को होईना. आवाज बरोबर, चाल चुकीची. मी सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी कॉर्ड धरून बसत होतो. डिस्कोतली व्हायोलिन अशी बसून राहत नाहीत. गायिकेची ओळ संपली की वरच्या सप्तकात झेपावतात, भरभर घसरत खाली येतात, मध्येच एक फटका मारून गप्प होतात. कॉर्डऐवजी दोन सप्तकांत तीच ओळ वाजवली, लांब स्वरांना स्वतंत्र, हळू उमलणारा आवाज दिला आणि पळत्या ओळींना चटकन उठणारा, तेव्हा कुठे जरा रंग भरला.

मग अंकलना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “चांगलं आहे मॅन. पण यात सगळे एकदम येतात. आम्ही कधीच एकदम यायचो नाही. कुणी जरा आधी, कुणी मागून सुराला पकडून. तोच मजा.” १९८० चा ‘कुर्बानी’ आला तेव्हा ते मुंबईत होते. बेंगळुरूच्या बिद्दूने लंडनमध्ये राहून केलेलं ते गाणं, कराचीच्या नाझिया हसनचा पंधरा वर्षांच्या मुलीचा आवाज, आणि त्या एका गाण्यासाठी थिएटरात जाणारी पोरं, असं बरंच सांगत होते. पुढच्या दशकात स्टुडिओत सिंथेसायझर आले आणि मागच्या रांगेला येणारी बोलावणी कमी होत गेली, हेही सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. बेस्टचा एखादा बसमार्ग बंद पडल्याचं सांगावं, तसं.

मला सोलिना आवडते ती एवढ्यासाठी की ती कुणाला फसवत नाही. दोन सेकंदांत कळतं की हे व्हायोलिन नाही, निराळंच काहीतरी गोड आहे. भीती वाटते ती खऱ्या वादकांचे स्वर एकेक करून साठवलेल्या आजच्या लायब्रऱ्यांची. त्या मी वापरतो, पोटासाठी वापरतो, पण त्यात कुणाचा तरी हात आहे आणि त्या हाताला पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं नाही, हे विसरता येत नाही.

स्टुडिओतली एक जुनी युक्ती आहे. यंत्राच्या थरावर एकच खरं व्हायोलिन ठेवलं, की कान सगळा थर खरा मानतो. मी आयोजकाला तेवढंच वाजवून दाखवलं. आधी नुसतं यंत्र, मग त्यावर अंकल. तो म्हणाला, “हे दुसरं घ्या.” पैशांवर थोडी घासाघीस झाली. कोल्हापुरात कार्यक्रम झाला आणि लोक मधल्या वाटेत नाचले. नंतर बिदागीचं पाकीट मोजताना अंकल म्हणाले, “पन्नास जणांचं वाजवलं मॅन, दिलं एकाचंच.” मग पाकीट खिशात घातलं आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.