पारनेर ते एडिंबरा: एका शिष्यवृत्तीचा हिशेब

१/ युरोपातल्या एखाद्या जुन्या शहरात, लंडन-पॅरिसच्या मानाने कमी खर्चात राहायचे आणि पगार मात्र दुसऱ्याच देशातून घ्यायचा, या जगण्याला आज ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. एस्टोनियाने २०२० मध्ये आणि पोर्तुगालने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. साधन नवे असले तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. माणूस राहतो एकीकडे आणि पैसा येतो दुसरीकडून. मग त्याने मिंधे कोणाचे राहायचे? सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पारनेरच्या एका तरुणापुढे उभा राहिला होता. त्याच्याविषयी हा धागा.

२/ पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढचे सेनापती बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर. घराणे मूळचे कोकणातले, पण पोसले गेले नगर जिल्ह्यातील या अवर्षणप्रवण गावात. त्यांच्या विद्यार्थिदशेतच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले, पुण्यात प्लेग आला, १८९७ मध्ये रँडचा वध झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच बापटांनी तलवार साक्षी ठेवून देशकार्याची शपथ घेतली होती.

३/ १९०४ मध्ये त्यांना मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पोहोचले. डोंगरावर किल्ला, त्याच्या उतारावर मध्ययुगीन गल्ल्या आणि पलीकडे अठराव्या शतकात आखलेले नवे नगर, असे हे शहर. पुढे १९९५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

४/ बापट जिथे शिकले त्या हेरियट-वॉट कॉलेजचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. १८२१ मध्ये ‘स्कूल ऑफ आर्ट्स’ या नावाने ते सुरू झाले, तेच मुळी कारागिरांना व कामकऱ्यांना शास्त्र आणि यंत्रविद्या शिकता यावी म्हणून. दिवसा राबणाऱ्यांसाठी तिथे सायंकाळी व्याख्याने होत. हिंदुस्थानातील महाविद्यालयांतून वकील आणि कारकून घडत असताना पारनेरचा हा पदवीधर यंत्रांकडे वळला.

५/ एक गोष्ट आज नवलाची वाटेल. त्या काळी या प्रवासाला व्हिसा लागत नसे. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपातील बहुतेक सीमा पासपोर्टवाचून ओलांडता येत. लंडनहून पॅरिसला जाणे हा केवळ तिकिटाचा प्रश्न होता. कागदपत्रांचा जाच १९१४ नंतर सुरू झाला आणि युद्ध संपल्यावरही कायम राहिला.

६/ सीमा मोकळ्या असल्या तरी शिष्यवृत्ती मोकळी नव्हती. बापटांनी एडिंबरात ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानची काय दशा झाली आहे, हे उघडपणे मांडले. परिणाम ठरलेला होता: शिष्यवृत्ती बंद झाली. घरापासून हजारो मैल दूर, परक्या शहरात, शिक्षण अर्धवट असताना पोटापाण्याचा आधार गेला. मौन पाळले असते तर अभियंता होऊन परतता आले असते, आणि घरच्यांची अपेक्षाही तीच असणार.

७/ आधार मिळाला लंडनमध्ये. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेट भागात हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले होते. ते स्वतःही शिष्यवृत्त्या देत. पण अट अशी की घेणाऱ्याने परत गेल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. म्हणजे इथेही पैसा बिनशर्त नव्हताच. फरक एवढाच की एक अट शपथ मोडायला लावणारी होती आणि दुसरी ती पाळायला.

८/ इंडिया हाउसमधून बापट पॅरिसला गेले. ब्रिटिश पोलिसांचा अंमल तिथे चालत नसे, झारशाहीला कंटाळून आलेले रशियन निर्वासित तिथे मोठ्या संख्येने होते, आणि मादाम कामा व सरदारसिंह राणा यांचे बस्तानही तिथेच होते. बंगालचे हेमचंद्र कानुनगो आणि मिर्झा अब्बास यांच्यासह बापटांनी एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब तयार करण्याची विद्या मिळवली.

९/ या विद्येची पुस्तिका झाली, तिच्या प्रती निघाल्या आणि त्या हिंदुस्थानात पोहोचल्या. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या माणिकतळा बागेच्या झडतीत आणि १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरी पोलिसांना याच मजकुराची प्रत सापडली. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या दोन्ही प्रतींची दखल आहे. ज्ञान एका शहरात मिळवायचे, कागदावर उतरवायचे आणि दूरदेशी पाठवायचे, हे दूरस्थ काम तेव्हाही होते. धोका फक्त वेगळ्या जातीचा होता.

१०/ आणि तो धोका एकट्या क्रांतिकारकांचा नव्हता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफर्डवर टाकलेल्या बाँबने तो बचावला. मृत्यू पावल्या केनेडी मायलेकी. प्रफुल्ल चाकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, खुदीराम बोस फासावर गेले, हेमचंद्र अंदमानात. या काळाचा गौरव करताना त्या दोन स्त्रियांना वगळता येत नाही.

११/ त्याच वर्षी मायदेशी परतलेल्या बापटांना अज्ञातवासात जावे लागले. पुढे अटक झाली. सुटल्यावर पारनेरात त्यांनी हातात झाडू घेतला आणि गावाचे रस्ते साफ करू लागले. एडिंबराचे यंत्रशास्त्र शिकलेला, पॅरिसची स्फोटकविद्या जाणणारा माणूस आपल्याच गावची घाण उचलतो, हे दृश्य गावाला सहज पचले नसावे. जातीच्या उतरंडीत जे काम कोणावर लादले गेले होते, ते त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते.

१२/ १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांच्या बाजूने ते उभे राहिले, तुरुंगात गेले आणि ‘सेनापती’ झाले. यंत्र आणि वीज यांचे महत्त्व न कळणाऱ्याचा हा विरोध नव्हता. यंत्रविद्या शिकायला समुद्र ओलांडलेल्या माणसाचा होता. विजेची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्न होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

१३/ आज पारनेर तालुक्यात सुप्याची औद्योगिक वसाहत आहे, पुणे हाकेच्या अंतरावर आहे, आणि इथला एखादा तरुण तालिनमध्ये बसून काम करू शकतो. त्यात गैर काहीच नाही. स्वस्त भाडे, जुने रस्ते, मोकळा वेळ ही सुखेच आहेत. मात्र व्हिसाच्या अर्जात उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि ते उत्पन्न ज्याच्या हाती असते त्याला न रुचणारे बोलायची वेळ कधीतरी येते. त्या वेळी एडिंबरात बापटांनी किती मोजले, हे पारनेरच्या माणसाला तरी ठाऊक असावे.

(धागा समाप्त)