फरक फक्त दीडचा?

गाव विचारलं की मी ‘चाकूर’ सांगते. समोरचा ‘हं?’ करतो. मग ‘लातूर जिल्हा’ म्हटलं की दोनच विषय निघतात, लातूर पॅटर्न नाहीतर भूकंप. परवा कॅन्टीनमध्ये दुसरा निघाला. टीममधल्या एकाने मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, ‘‘किल्लारी ६.२, भूज ७.७. फरक दीडचाच की!’’

दीड‘च’? लातूर पॅटर्नवाली पोरगी हे सोडणार होय! आम्हाला बारावीच्या पेपरला कॅलक्युलेटर नव्हता, लॉग टेबल होतं. घेतला टिश्यू पेपर.

लॉग म्हणजे दहाचा कितवा घात, बस्स. शंभरचा २, हजारचा ३, लाखाचा ५. (पगाराच्या भाषेत, एकावर किती शून्यं!) मधल्या आकड्यांना टेबल. २ चा लॉग ०.३०१०, म्हणून २०० चा २.३०१०. पॉइंटच्या आधीचा आकडा दहाची पट सांगतो, नंतरचा टेबलात शोधायचा. उलटं जायचं तर अँटिलॉग.

भूकंपाची पट्टीसुद्धा लॉगचीच. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टरने ती मांडली, कारण हादरे इतके लहान-मोठे की साध्या पट्टीवर मावेनात. आता मोठ्या भूकंपांना मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, पण पायऱ्या तशाच. एक आकडा चढला की जमिनीचं हलणं साधारण दहापट. ऊर्जा काढायची तर फरकाला आधी दीडने गुणायचं. आपला फरक १.५, गुणिले १.५, झाले २.२५. अँटिलॉगमध्ये .२५ समोर १.७७८, आणि आधीचा २ म्हणजे शंभरपट. भूजला किल्लारीच्या सुमारे १७८ पट ऊर्जा सुटली, राजा!

तो जरा गप्प झाला. मग म्हणतो, ‘‘म्हणजे किल्लारीचा तसा छोटाच ना?’’

आता याला कुठलं टेबल दाखवू? ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप साधारण किल्लारीएवढ्याच ताकदीचा. तिथे दोनशेच्या आसपास माणसं गेली. किल्लारीला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, जवळपास दहा हजार. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. हादरा जमिनीत फार खोल नव्हता. आणि घरं कसली, तर दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गारेगार राहणारी घरं ती! भिंती उसवल्या आणि सगळं वजन झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

आई तेव्हा चाकूरलाच होती. ‘‘मांडणीवरची भांडी वाजली न् समदे अंगणात पळालो,’’ ती सांगते, ‘‘आपलं एवढंच. किल्लारीचं दिवस उजाडल्यावर कळलं.’’ पुढे बाबांनी घर बांधलं, तेव्हा दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा टाकायला लावला. मिस्त्री म्हणत होता, कशाला उगीच खर्च? बाबांनी ऐकलं नाही.